प्रमोशन परत करायला निघालेला सुपरवायझर: मोठेपणी कळलेल्या वाचन-अडचणीचं एक प्रकरण

ह्या केसमधल्या गृहस्थांचं वय ४३, मशीन मेंटेनन्समध्ये वीसेक वर्षं काढलेली, आणि हाताला कसब असं की नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का बेल्ट ढिला झालाय ते सांगणार. वाचता येत नाही म्हणून ते माझ्याकडे आलेच नव्हते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात चिडचिड होते म्हणून आधी फॅमिली डॉक्टरकडे गेले, तिथून कौन्सेलरकडे, आणि कौन्सेलरच्या लक्षात आलं की हे सगळं सुपरवायझर झाल्यापासूनचं आहे आणि आठवड्याचा रिपोर्ट द्यायचा असतो त्याच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त होतं. मग त्यांनी वाचन आणि भाषेच्या तपासणीसाठी इकडे पाठवलं. (ओळख पटेल असं खाली काही ठेवलेलं नाही.)

पहिल्याच भेटीत बसता बसता म्हणाले, "मॅडम, प्रमोशन परत करता येतं का हो? म्हणजे पगार कमी झाला तरी चालेल."

मी मोठ्या माणसांना "वाचता येतं का" असं कधीच विचारत नाही. सगळे हो म्हणतात आणि ते खोटं पण नसतं. मी विचारते की कुणीतरी चारचौघात काहीतरी वाचून दाखवायला सांगितलं असं शेवटचं कधी झालं आणि तेव्हा तुम्ही काय कारण दिलं. ह्यांनी जरा थांबून एकेक कारणं काढायला सुरुवात केली आणि ती संपेनातच. चष्मा घरी राहिला, मी नंतर निवांत बघतो, तूच वाच तुझा आवाज चांगला आहे, राउंडला जायचंय. मेल आली की फोटो काढून बायकोला पाठवायचा, ती वाचून व्हॉइस मेसेज करणार. रिपोर्ट तोंडी सांगायचा आणि एक ज्युनियर पोरगा टाईप करणार, तो सुट्टीवर असला की कागद घरी आणि रात्री बायको टाईप करणार. सुपरवायझर होण्याआधी ह्यातलं निम्मं लागतच नव्हतं, कारण टेक्निशियनला जेवढं वाचावं लागतं ते पार्ट नंबर आणि नेमप्लेट, आणि ते ह्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने चित्रासारखे पाठ झालेले. प्रमोशन झालं आणि अचानक शिफ्ट रिपोर्ट, सेफ्टी सर्क्युलर, नव्या मशीनचं मॅन्युअल, मिटिंगमध्ये स्क्रीनवर येणारा मजकूर, सगळं एकदम अंगावर आलं.

ही गोष्ट पुस्तकी व्याख्येत पण आहे बरं का. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानाच्या पुस्तकात, लिहिलंय की अशी अडचण शाळेच्या वयातच सुरू होते पण कामाची मागणी माणसाच्या कुवतीच्या वर जाईपर्यंत ती पूर्ण उघडी पडत नाही, आणि तिथे उदाहरणं दिलीत ती वेळ लावून घेतलेल्या परीक्षेची आणि कमी मुदतीत मोठे गुंतागुंतीचे रिपोर्ट वाचण्या-लिहिण्याची. त्यामुळे "इतकी वर्षं काही नव्हतं मग आत्ताच कसं झालं" हा प्रश्न घरचे विचारतात तेव्हा उत्तर एवढंच की होतं, पण कामाने कधी ते मागितलं नव्हतं.

शाळेबद्दल विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं ते ह्या प्रकारच्या माणसांकडून मी पुन्हापुन्हा ऐकते. वर्गात एकेकाने उठून एकेक परिच्छेद वाचायचा असला की हे आपल्या आधी किती मुलं आहेत ते मोजायचे, आपला परिच्छेद शोधून ठेवायचे आणि शेजारच्याकडून हळूच ऐकून पाठ करायचे. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. शिक्षक म्हणायचे लक्ष नाही, आळशी आहे. पुढे ट्रेडच्या कोर्सला प्रॅक्टिकलमध्ये पहिला नंबर आणि थिअरीत कसेबसे पास.

खरी कामाची माहिती मात्र त्यांच्या मोठ्या बहिणीकडून फोनवर मिळाली. तिने सांगितलं की तीन वर्षांचा झाला तरी हा दोन-दोन शब्दच जोडायचा, बाहेरच्या माणसाला कळायचंच नाही काय म्हणतोय, मीच सगळ्यांना सांगायचे की ह्याला काय हवंय. आणि धाकटा भाऊ अजून पेपर हातात घेत नाही, त्याच्या मुलाला शाळेने तपासणीसाठी पाठवलं होतं. वाचनाची अडचण घराण्यात चालते हे आता पक्कं माहिती आहे त्यामुळे भावाचं ऐकून आश्चर्य वाटलं नाही, पण उशिरा बोलायला लागणं ह्यावर मी पेन्सिलने मोठी खूण केली. का ते पुढे येतं.

तपासणीच्या आधी काही गोष्टी बाजूला करून घ्याव्या लागतात. कान तपासून घेतले, कारण मशीनच्या आवाजात वीस वर्षं काढलेल्या माणसाला सूचना नीट कळत नसतील तर पहिला संशय ऐकण्यावरच जायला हवा. वरच्या पट्टीत थोडी घट निघाली पण बोलणं न समजण्याइतकी नाही. डोळे तपासले, जवळचा नंबर लागला होता तो घेतला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी नीट वाचता येत होतं आणि आता येईनासं झालंय असं आहे का. तसं असतं तर मी चाचण्या न करता आधी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं असतं, कारण चांगलं वाचणाऱ्या माणसाचं वाचन अचानक गेलं तर तो स्ट्रोक सुद्धा असू शकतो आणि तिथे थांबायचं नसतं. ह्यांचं तसं नव्हतं, पहिलीपासूनच होतं.

आता वाचन. ओळखीच्या विषयावरचं एक पान मोठ्याने वाचायला दिलं तर चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कोणी नुसत्या चुका मोजल्या असत्या तर "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं असतं. पण बोट ओळीखाली, ओळ बदलली की परत मागे, प्रत्येक लांब शब्दाआधी एक छोटा श्वास, आणि पान संपायला एवढा वेळ की शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली. हे आपल्या लिपीशी जुळतं. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार ह्यांचा मेळ कमी म्हणून तिथे चुका भरपूर दिसतात, पण जर्मन किंवा इटालियनसारख्या भाषांत अक्षर आणि आवाज जवळजवळ एकास एक असतात म्हणून तिथे चुका कमी आणि संथपणा जास्त. हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन बोलणाऱ्या मुलांबद्दल हेच दाखवलं होतं. मराठी त्याच गटाच्या जवळ बसते, वर आपल्याकडे अक्षरांची संख्या मोठी, जोडाक्षरं, ऱ्हस्व इकार लिहायचा आधी आणि म्हणायचा नंतर, रफार म्हणायचा आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मोठ्या माणसाला "बरोबर वाचतो" एवढ्यावर सोडलं तर अशा केसेस निसटतात. घड्याळ लावायलाच हवं.

खरं चित्र दिसलं ते अर्थ नसलेले शब्द दिल्यावर. "टिर्मळ" लिहिलं होतं, ते "निर्मळ" म्हणाले आणि पुढे गेले. "भेर्स्तुमा" वर पूर्ण थांबले. ओळखीचा शब्द असला की डोकं अंदाजाने भरून काढतं, पण तो आधार काढून घेतला की अक्षराचा आवाज करून ते आवाज जोडायचं जे मूळ काम आहे तेच अडतं. मग तोंडी खेळ: "मगर" मधला "म" चा आवाज फक्त काढा, काय राहतं? जमलं, "अगर". "स्तर" मधला "त" काढा? इथे टेबलावर बोटाने अक्षरं गिरवायला लागले आणि बऱ्याच वेळाने "तर" म्हणाले, यायला हवं होतं "सर". आकड्यांच्या आणि चित्रांच्या ओळी भराभर नावं घेत म्हणायच्या असतात, तिथे पण वेग कमी. म्हणजे आवाज वेगळे करणं आणि नाव पटकन काढणं ह्या दोन्ही जागा कच्च्या, जे डिस्लेक्सियात, म्हणजे लहानपणापासूनच्या ह्या वाचन-अडचणीत, अगदी नेहमी सापडतं. अक्षरं नाचतात, उलटी दिसतात वगैरे लोक म्हणतात तसं इथे काही नव्हतं, आणि अक्षरं उलटी काढणं तर शिकायला लागलेली बहुतेक सगळीच मुलं काही दिवस करतात.

इथे खरं तर रिपोर्ट लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांच्या मॅनेजरचं म्हणणं पण तसंच होतं की लिहायला सांगू नका, तोंडी विचारा, सगळं सांगतो. हे वाक्य ह्या विषयात फार जुनं आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची केस लिहिली, हुशार मुलगा, गणित चांगलं, वाचन मात्र काही केल्या जमेना, आणि त्याच्या मास्तरांचं मत असं की सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत सगळ्यात पुढे असता. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात डिस्लेक्सियाचं हेच चित्र बसलंय की तोंडी एकदम मस्त आणि कागदावर आलं की अडलं. पण पर्सीचं चित्र लावून बघितलं तर ह्या गृहस्थांची अर्धीच केस दिसते.

कारण मिटिंगबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वाचायचं नसलं तरी मी हरवतो. साहेब एका दमात बोलतात ना, पहिलं डोक्यात बसवेपर्यंत तिसरं येतं." आणि बायकोने लगेच जोडलं, "घरी पण तसंच आहे, ह्यांना तीन कामं एकत्र सांगितली की एकच होतं, मी इतकी वर्षं समजत होते की ऐकतच नाहीत."

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर यांनी मांडलेलं एक सूत्र इथे फार कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, म्हणजे एक बाजू अर्धी असली की उत्तर पण अर्धं होतं, आणि दोन्ही बाजू कमी असल्या तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून मी तसलाच एक उतारा त्यांना वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. घडलं तसं क्रमाने सांगितलेला भाग त्यांना छान कळला. वाक्यात वाक्य आलं की गेलं. एक वाक्य असं होतं: "ज्या माणसाला पार्ट आणायला पाठवलं होतं त्याने फोन करायच्या आधीच दुसऱ्याने मशीन चालू केलं." हे ऐकून जसंच्या तसं परत म्हणायचं. ते म्हणाले: "माणसाला पार्ट आणायला पाठवलं, त्याने फोन केला, मग मशीन चालू केलं." शब्द सगळे ओळखीचे, एकही अवघड नाही, तरी क्रम फिरला आणि दुसरा माणूस गायबच झाला. मेंटेनन्सच्या कामात हा फरक किती महाग पडू शकतो ते मला सांगायला नको, ते स्वतःच कागदावर बघून गप्प झाले.

आता इथे खरी मेख आहे आणि मोठ्या माणसाच्या केसमध्ये ती लहान मुलापेक्षा जास्त अवघड असते. जो माणूस तीस वर्षं वाचत नाही त्याला पुस्तकी, लांब, गुंतलेली वाक्यं भेटतच नाहीत, शब्द कमी मिळतात, म्हणजे वाचनाची अडचणच हळूहळू भाषा पण पातळ करत जाते. ज्याला वाचता येतं तो वाचून आणखी पुढे जातो आणि ज्याला येत नाही तो आणखी मागे पडतो, किथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ह्यावरच मोठा लेख लिहिला होता. मग ह्यांचं ऐकून न समजणं हे न वाचल्याचा परिणाम, का मुळातच वेगळी दुसरी अडचण? शब्दसंग्रहाच्या चाचणीवरून हे ठरवता येत नाही कारण तो दोन्हीकडून कमीच येणार.

मी तीन गोष्टींवर भर दिला. एक, बहिणीने सांगितलेलं उशिरा बोलणं, ते वाचायला शिकायच्या कितीतरी आधीचं आहे त्यामुळे ते न वाचल्याच्या खात्यात टाकता येत नाही. दुसरं, वरचं वाक्य, ज्यात एकही पुस्तकी शब्द नाही आणि अशी वाक्यं शाळेत न गेलेली माणसं पण घरात बोलतात. तिसरं, अर्थ नसलेला चार-पाच अक्षरी शब्द नुसता ऐकून परत म्हणायचा, त्यात लांबी वाढली की ते अडकत होते, आता हे एकटं डिस्लेक्सियात पण दिसतं म्हणून त्याच्यावर मी सगळा भार टाकला नाही. तिन्ही एकत्र ठेवल्यावर माझं मत झालं की इथे दोन गाठी आहेत, डिस्लेक्सिया आणि त्याच्या जोडीला लहानपणापासूनची भाषेची अडचण, जिला २०१७ पासून बहुतेक तज्ज्ञ डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. दोन्ही एकाच माणसात असणं अजिबात दुर्मिळ नाही. दुसरी मात्र लोकांना माहितीच नाही, कारण असा माणूस रोजच्या गप्पांत तुमच्या-आमच्यासारखाच बोलतो आणि सूचना चुकल्या की त्याला बेफिकीर म्हणून मोकळं होतात.

बुद्ध्यांकाचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. डीएसएम-५ मध्ये बुद्धी आणि वाचन ह्यांच्यातला फरक मोजायची अट राहिलेली नाही, आणि ज्याने पार्ट मिळत नाही म्हणून अख्खी असेंब्ली स्वतः डोकं लढवून चालू ठेवली त्याला आकड्याने काय मिळणार होतं. तसंच १७ वर्षं आणि त्यापुढच्या माणसासाठी प्रमाणित चाचण्यांच्या जागी अडचणीचा कागदोपत्री इतिहास धरता येतो, म्हणून जुनी गुणपत्रकं, थिअरी-प्रॅक्टिकलमधली तफावत, शाळेचे शेरे सगळं मागवून जोडलं. शाळकरी मुलांसाठी बनवलेल्या चाचणीत ४३ वर्षांचा माणूस अनुभवाच्या जोरावर बरेच मार्क काढतो, त्यामुळे हे कागद चाचणीइतकेच बोलतात.

उपाय म्हणाल तर दोन गाठींचे उपाय वेगळे. वाचनासाठी फोनवर मजकूर ऐकण्याची सोय चालू केली, वेग कमी आणि डोळे त्याच ओळीवर. रिपोर्ट बोलून टाईप करायचा आणि मग तो फोनकडून वाचून घ्यायचा, कारण त्यांच्या डोळ्याला न दिसणारी चूक कानाला लगेच कळते. सराव म्हणून त्यांच्याच मॅन्युअलमधले शब्द घेतले आणि तोडायला शिकवले, मराठीत शब्दाला शेपट्या लागत जातात ना, "दुरुस्तीसाठीच्या" हा एक डोंगर न बघता "दुरुस्ती", "साठी", "च्या" असे तुकडे बघायचे. दिवसाला थोडाच वेळ, पण नियमाने. काही महिन्यांत वेग वाढला, फार नाही, पण नवीन शब्दाला बघून घाबरणं बरंच कमी झालं. ह्या वयात वेग सामान्य होईल असं मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

मध्येच कुणीतरी त्यांना रंगीत काचांचा महागडा चष्मा सुचवला. नको म्हटलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून स्पष्ट सांगितलंय की डिस्लेक्सियासाठी रंगीत भिंगं आणि डोळ्यांचे व्यायाम ह्यांना भरवशाचा पुरावा नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवून बघा म्हटलं, २०१२ च्या इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या एका अभ्यासात त्याने फायदा दिसला होता, आणि ते तर फुकट आहे. ह्यांना थोडं बरं वाटलं.

भाषेच्या गाठीसाठी मात्र बदल समोरच्यांनी करायचा असतो. सूचना घडायच्या क्रमाने, एका ओळीत एक काम, "च्या आधी", "झाल्याशिवाय नाही" असली उलटी रचना टाळायची. आणि ऐकल्यावर परत म्हणून दाखवायचं. हे त्यांना लाजिरवाणं वाटत होतं, मग मी सांगितलं की विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणून दाखवतात आणि त्यांना कोणी मठ्ठ म्हणत नाही. हे त्यांना जाम आवडलं, आता शिफ्टमधल्या सगळ्यांकडूनच ते परत म्हणून घेतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऑफिसात सांगायचं का ह्यावर. ते म्हणत होते फाईलवर निदानाचं नाव लागलं की कायमचं लागलं. बायको म्हणाली, "ह्यांना सांगायचं नसेल तर नको, पण मी रात्री किती वर्षं टाईप करू?" दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मधला मार्ग निघाला: नाव सांगायचं नाही, गरज सांगायची, आणि तीही फक्त मॅनेजरला. मिटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळावेत, रिपोर्टचा ठरलेला फॉर्म असावा ज्यात काय बंद पडलं, किती वाजता, काय केलं, काय बाकी एवढेच रकाने, आणि महत्त्वाची सूचना तोंडी दिली तरी दोन ओळी लिहून पण याव्यात. मॅनेजरने फॉर्म सगळ्याच शिफ्टना लावला, त्यामुळे ह्यांच्यासाठी काही वेगळं केलंय असं दिसलं पण नाही. त्या टाईप करणाऱ्या पोराने एकदा सगळ्यांसमोर टोमणा मारला, तो ह्यांना बरेच दिवस लागला. कौन्सेलरकडे जाणं म्हणूनच चालू ठेवलंय, कारण चाळीस वर्षं स्वतःला ढ समजलेला माणूस एका रिपोर्टने बदलत नाही.

सध्या झोप बरी आहे, प्रमोशन परत करायचा विषय बंद आहे, रिपोर्ट शिफ्टमध्येच संपतो. लांबलचक मेल अजून बायकोकडे जातात, पण आठवड्यातून एखादी. नवीन अडचण अशी की पुढच्या ग्रेडसाठी सेफ्टीची लेखी परीक्षा आहे, तिथे जास्त वेळ मागता येतो, पण त्यासाठी निदानाच्या नावासकट रिपोर्ट जोडावा लागतो, म्हणजे जे फाईलवर नको होतं तेच लागणार. मी दोन रिपोर्ट करून दिलेत, एक फक्त गरजांचा आणि एक पूर्ण निदानाचा. कुठला वापरायचा हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मी एवढंच बजावलंय की फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, जास्त वेळेच्या अर्जाला मंजुरी यायला दिवस लागतात.